तिसरा हौद

हौदावरचे दगड बाजूला झाले, बाभळीच्या सालींचा थर उपसला गेला आणि सुनिताने सगळ्यात वरचं कातडं दोन्ही हातांनी उचललं. ते बदामी निघायला हवं होतं. गेले पाच आठवडे ती त्या रंगाची वाट पाहत होती. सुकरामने होळीच्या हंगामात काठीकडच्या डोंगरातून बोकडांची कातडी आणून दिली, तेव्हापासून तिने ती भिजवली, चुन्यात घातली, केस काढले, मांस खरवडलं, आणि एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवली. शेवटचे आठ दिवस तर हौदाला हातसुद्धा लावायचा नव्हता. तिने लावला नव्हता.

कातडं काळं निघालं. एकसारखं काळं असतं तरी मनाची समजूत घालता आली असती. पण हे जागोजागी काळं होतं, मध्येच निळसर, मध्येच बदामी. दुसरं तसंच. तिसरं तसंच. खालची तर बघवत नव्हती. चाळीसच्या चाळीस कातडी.

"हाई काय व्हयनं?" तिचा नवरा भरत काठावरून म्हणाला. शहाद्याच्या स्टँडवर त्याचं चपलांचं दुकान होतं, आज मुद्दाम बंद ठेवून तो थांबला होता. "मी तुले सांगं व्हतं, उमेदमलना मीठ-चुनाना भरोसा नही."

सुनिताने हातातलं कातडं काठावर टाकलं. तिच्या डोळ्यांसमोर कागद होता. दिवाळीत घरच्या बैठकीत भरतच्या थोरल्या भावाने, म्हणजे शिवाजीनानाने, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला. पहिली खेप धड निघाली तर नदीकाठची सामाईक जागा सुनिताच्या या शेडला. बिघडली तर आठ दिवसांत शेड उतरवून जागा मोकळी. खाली दोन्ही भावांच्या सह्या आणि म्हाताऱ्या सासऱ्यांचा, हिलाल आबांचा अंगठा. ज्या बाईने हे सगळं उभं केलं होतं, तिची सही घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि माल बघायला नाना आज अकरा वाजता घरच्यांना घेऊन येणार होते. परवा पुण्याहून पिशव्या बनवणारा एक गिऱ्हाईक मुलगा यायचा होता, ती गोष्ट वेगळीच.

"कुलूप तुटेल नव्हतं ना?" तिने विचारलं.

"नही. बरोबर व्हतं."

मग तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. शेडला चाव्या तीन. एक तिच्या कमरेला, एक भरतच्या खिशात. तिसरी नानांच्या ओसरीवरच्या खुंटीला, कारण जागा सामाईक.

पण आधी उमेदमल. गावात किराण्याचं दुकान त्याचं एकट्याचं, राजस्थानातून त्याचा आजा आला तेव्हापासूनचं. मीठ आणि चुना कशाला हवा हे त्याने सुनिताला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर धर्म आडवा आला असता, आणि धर्म आडवा आला असता तर गिऱ्हाईक गेलं असतं. म्हणून तो पोतं पायाने पुढे सरकवायचा आणि दुसरीकडे बघायचा. आज मात्र ती काळं कातडं घमेल्यात घालून थेट दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा त्याला बघावंच लागलं.

"बेन, ते आठून दूर लई जा," तो नाकाला उपरणं लावत म्हणाला. "मन्हं मीठ बठ्ठं गाव खास. गाव काय काळं पडनं का? चुनामा भेसळ ऱ्हाती तर लोकस्ना भितीवरथून सफेदी पडी जाती."

हे खरं होतं. सुनिता वळली, तसा त्याने आवाज खाली आणला. आतल्या गादीवर बसलेल्या त्याच्या आईने, तीजाबाईने, जपमाळ थांबवली.

"मागला रविवारे मास्तर उनथात. नाडापुडी, सुपारी, लिंबू लिन्हं. मी इचारं, पूजा शे का? काहीच बोलनात नही. काखमा एक पुडकं व्हतं, आनि भर दुपारले तुन्हा शेडना रस्ते लागी गयात."

"नाना? नाडापुडी लिसन?"

"मी काय खोटं बोलसू?"

बोलेल की. स्वतःवरचा आळ दुसऱ्यावर ढकलायला माणूस काय वाटेल ते बोलतो. पण नाडापुडी ही गोष्ट उमेदमलला मनाने रचता आली नसती. शिवाजीनाना म्हणजे बत्तीस वर्षं शाळेत मास्तर. वर्गाच्या दारातला लिंबू-मिरची स्वतःच्या हाताने तोडून पोरांसमोर भाषण देणारा माणूस. त्याने नाडापुडी घेतली असेल तर ती देवासाठी नक्कीच नाही. परत येताना सुनिताला ऊन लागत होतं की राग येत होता, हे तिचं तिलाच कळेना.

नानांना हे शेड नको होतं, यात काही लपलेलं नव्हतं. "ज्या वासातून आम्ही बाहेर पडलो, त्यात तू पुन्हा घराला ओढते आहेस," असं त्यांनी भरतला सांगितलं होतं, तिला ऐकू जाईल अशा बेताने. त्यातून त्यांच्या मुलीचं, जागृतीचं लग्न जमत होतं. धुळ्याच्या पाहुण्यांनी चहा पिता पिता सहज विचारलं होतं, घरात अजून कुणी कातडी कमावतं का. त्या दिवसापासून जाऊबाई रमिलाबाई सुनिताशी कामापुरतंच बोलत होत्या.

अकराला सगळे आले. आबांना हाताला धरून जागृतीने कडुलिंबाच्या सावलीत खाटेवर बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण शेडच्या जवळ आलं की त्यांची मान ताठ व्हायची. हे काम सुनिताला त्यांनीच शिकवलं होतं, बोटांनी आणि नाकाने. रमिलाबाईंनी पदर नाकाला लावला. नाना पांढऱ्या सदऱ्यात, खिशाला पेन, मनगटावर निरोप समारंभात शाळेने दिलेलं स्टीलचं घड्याळ.

सुनिताने पदर कपाळावर ओढला. चौदा वर्षं ती या घरात होती आणि चौदा वर्षांत नानांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर धाकटीने बोलायचं नाही, ही घराची रीत. मीठ हवं असलं तरी ते जागृतीमार्फत. नाना एवढे सुधारक, पण ही रीत मोडावी असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. सोयीची होती.

"पाहू द्या," नाना म्हणाले. घरातसुद्धा ते पुस्तकातलं बोलत.

भरतने कातडं पसरलं. नाना वाकून बघत राहिले.

"म्हणजे बिघडलं," ते म्हणाले.

त्या आवाजात आनंद होता का? सुनिता कान देऊन ऐकत होती. तिला तो ऐकू आला नाही, पण लपवलेला असणारच, असं तिने ठरवून टाकलं.

"मी म्हनत व्हती," रमिलाबाई म्हणाल्या. "येनारा जानारा बठ्ठा आठे डोकाडी जास. नजर लागनी. आते कागदमा लिखेल शे तसं करा आनि मोकळं व्हा."

"आबाले तं देखू द्या," भरत म्हणाला.

आबांनी कातडं मांडीवर घेतलं. बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं, आणि सगळ्यांसमोर जिभेचं टोक त्याला लावलं. जागृतीने तोंड फिरवलं.

"लोखंड," आबा म्हणाले.

"काय?"

"बाभूयना पानीमा लोखंड पडनं, का तेनी शाई व्हस. हौदमा कोनी तरी लोखंड टाकेल शे."

सुनिताने नानांकडे पाहिलं. पदराआडून पाहता येतं, चौदा वर्षांत तेवढी सवय झालेली असते. नानांचा चेहरा पांढरा पडला होता. हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

झालं. आता साक्षी-पुराव्याची गरज नव्हती. हा माणूस दिवाळीत कागद लिहितो, आणि कागद खरा व्हावा म्हणून स्वतःच हौदात लोखंड टाकतो. तिच्या छातीत असं काही भडकलं की पदर हातात चुरगळला.

"जागृती," ती म्हणाली, "तुन्हा नानासले इचार, मागला रविवारे भर दुपारले ते आठे कसाले उनथात."

जागृती मध्येच अडकली. विचारायची गरज नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं.

"जागा माझीही आहे," नाना म्हणाले. "येऊ नये का मी?"

"काखमा काय व्हतं, तेबी इचार."

"ए!" रमिलाबाईंचा पदर नाकावरून खाली आला. "मन्हा नवरावर आळ ली ऱ्हायनी का तू? तुले काम जमनं नही, ते सांग ना सरळ! म्हाताराकडथून चार गोष्टी शिकी लिन्ह्या आनि चालनी धंदा कराले!"

"सुनिता, चूप," भरत म्हणाला. पण तो तसं म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला, आणि मग सावकाश भावाकडे वळला. "नाना, तिसरी चावी तुमनाकडे शे."

"भरत!"

"मी काहीच म्हनत नही. चावी शे, इतलंच म्हनस."

"इतलंच?" रमिलाबाई म्हणाल्या. "ज्या भाऊनी तुले शाळात घालं, कपडा शिवी दिन्हात, त्याले तू चावीना हिशोब इचारस?"

"हौद उपसाना," सुनिता म्हणाली. आता ती कुणामार्फत बोलत नव्हती, सगळ्यांनाच बोलत होती. "लोखंड इरघळी जात नही. व्हई तं खाले सापडी."

"त्याची आवश्यकता नाही," नाना घाईने म्हणाले.

ही घाई भरतनेही ऐकली. त्याने बादली उचलली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौदात उतरला.

काळं पाणी नालीतून पलीकडच्या खड्ड्यात जात राहिलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग भरत कोपऱ्यात वाकला आणि वर आला तेव्हा त्याच्या हातात एक गाठोडं होतं. पाण्याने काळं झालेलं कापड, त्यावर नाड्याचे वेढे. त्याने ते काठावर सोडलं. आत सुपारी, फुगलेले तांदूळ, मऊ पडलेलं लिंबू आणि लाकडी मुठीचं एक वीतभर पातं.

"करनी!" रमिलाबाई किंचाळल्या आणि दोन पावलं मागे गेल्या. "व माय व! करनी शे हाई! मी नही सांगं? बठ्ठं गाव जळस आपलावर!"

मग जो तो बोलू लागला. भरत म्हणाला, वरच्या अंगाच्या शेतवाल्याचं काम असेल, त्याला वास सहन होत नाही. जागृती म्हणाली, फोटो काढून ठेवू. रमिलाबाई उमेदमलपासून सुरू होऊन सुकरामपर्यंत पोचल्या. एवढ्या नावांत कुणीही लपून जाऊ शकला असता. नाना एका बाजूला उभे राहून त्या गाठोड्याकडे बघत होते.

सुनिताची नजर कापडावर होती. काठाला जर होती. ही जर तिला ठाऊक होती. नानांच्या निवृत्तीला शाळेने घातलेली शाल, त्यांच्या काचेच्या कपाटात घडी दिसेल अशी ठेवलेली. तिचा एक कोपरा कापून हे बांधलं होतं. घरच्या धाकट्या सुनेवर करणी, आणि तीही सत्काराच्या शालीत! तिने तोंड उघडलंच होतं.

"ते पातं माले द्या," आबा खाटेवरून म्हणाले.

भरतने पुसून दिलं. आबांनी अंगठा धारेवरून नव्हे, मुठीवरून फिरवला. मुठीच्या पोटाला एक खळगी होती. त्यांचा अंगठा तिच्यात नेमका बसला.

"हाई मन्ही रापी शे," ते म्हणाले.

"आबा, तुमन्या राप्या तं नदीमा..." भरत म्हणाला.

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. शिवाजीला मास्तरकीची ऑर्डर आली त्या दिवशी आबांनी झाडून सगळी हत्यारं पोत्यात भरली आणि गोमाईच्या डोहात फेकली. मन्हा पोऱ्याना हात आते खडू धरी, असं मोठ्याने म्हणाले होते. त्या दिवशी काठावर त्यांच्यासोबत एकच माणूस होता. पोतं त्यानेच उचलून आणलं होतं.

सुनिता खाटेजवळ गेली आणि चामडं कापायची ती रापी निरखू लागली. पात्यावर गंज होता, पण वरवरचा, नुकता धरलेला. बोटाने खरडला तर खाली पातं लख्ख. आणि मूठ तर काळ्या पाण्यात आठ दिवस राहूनही तुळतुळीत होती. इतकी वर्षं कुणीतरी तिला तेल देत आलं होतं. ज्याला वाईट करायचं आहे तो कुठलंही गंजकं पातं टाकेल. खंडेनवमीला हत्याराला लावतात तसे कुंकवाचे हे पाच ठिपके, तेलकट मुठीवर अजून पुसट दिसणारे, तो कशाला लावेल?

आणि मग तिला दुसरंच काही आठवलं. मुलाच्या, गोपालच्या वेळी ती बाळंतीण होती, तेव्हा बाळाला नजर लागू नये म्हणून उशाखाली विळा ठेवला होता. नानांनी ओसरीवर उभं राहून अर्धा तास भाषण दिलं होतं, अंधश्रद्धेवर. तिने भीतीने विळा काढून कोनाड्यात ठेवला. संध्याकाळी बघते तर विळा परत उशाखाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. जाऊबाईंनीच ठेवला असेल, असं ती तेव्हापासून धरून चालली होती.

तिला लाज वाटली. एकदम, पायापासून डोक्यापर्यंत. सकाळपासून तिने या माणसाचा चेहरा वाचला होता आणि एक अक्षर बरोबर वाचलं नव्हतं. तो पांढरा पडला होता तो पकडला गेला म्हणून नाही. आबांनी लोखंड म्हटलं, तेव्हा आपण काय केलं हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं होतं.

तिने पदर मागे सारला. रमिलाबाईंनी तो हात पाहिला आणि त्या बोलायच्या थांबल्या.

"नाना," सुनिता म्हणाली. जागृतीकडे न बघता, भरतकडे न बघता. "बाभूयना पानीमा लोखंड टाकतस नही. हाई तुमले ठाऊक नव्हतं का?"

नानांनी मान वर केली. तिला वाटलं, आता पुस्तकातलं एखादं वाक्य येईल.

"माले कोन सांगी?" ते म्हणाले, आणि त्यांची बोली त्यांच्याच कानाला अनोळखी लागावी तसे क्षणभर थांबले. "आबानी माले हौदजोडे कव्हय उभंबी ऱ्हाऊ दिन्हं नही. आठे येवानं नही, तू शाळात जाय. वास लागी, म्हने. मी नदीकाठे ती एक रापी पोतामाथून काढी लिन्ही. तेवढीच मन्हाकडे व्हती. म्हनं, लहान लेकरूना उशाले लोखंड ठेवतस, तसं ठेवूत. बठ्ठं गाव देखाले येस. नजर नको लागाले."

रमिलाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ही रापी घरात कुठे होती, हे त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मंग दिवाळीले तो कागद कसाले लिखा?" भरत म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता. तो अजूनही हौदात उभा होता, हातात बादली घेऊन. "शेड मोडानं बी तुम्हीच लिखनार, आनि नजर बी तुम्हीच काढनार?"

"लोक नाव ठेवतीन म्हनीसन कागद लिखा. लोकस्नी नजर लागी म्हनीसन रापी ठेवी. भ्याव एकच व्हतं रे, भरत."

आबांनी रापी छातीशी धरली होती. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"मन्हंच चुकनं," ते म्हणाले. "पोऱ्याले वास लागू नही म्हनीसन मी तेले काहीच सांगं नही."

"ते बठ्ठं खरं," रमिलाबाई हळूच म्हणाल्या, पण म्हणाल्याच. "पन कागद शे. खेप बिघडनी. धुळाना पाव्हनासले काय सांगानं?"

नानांनी खिशातून कागद काढला. तो त्यांनी आज सोबत आणलाच होता. फाडला नाही, फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि खाली एक ओळ लिहिली, सही केली आणि मोठ्याने वाचली. "पहिली खेप माझ्या हाताने बिघडली, सबब ती धरू नये. दुसरी खेप पहिली समजावी." मग जागृतीला म्हणाले, "धुळ्याच्या पाहुण्यांना मी स्वतः सांगेन. तुझी काही हरकत?"

"माझी कधीच नव्हती," जागृती म्हणाली. "मले कोनी इचारंच नही."

भरत हौदातून बाहेर आला, पाय झटकले आणि भावाकडे न बघता कातडी दोरीवर वाळत घालू लागला. त्याच्या मनातला गाळ तळाशी बसायला वेळ लागणार होता. आबा म्हणाले, लोखंड आणि गुळाचं पाणी मुरवून चाळीसच्या चाळीस काळीच करून टाका, पूर्वी काळ्या चामड्याला तेच लावत. पुण्याचा मुलगा काळा माल घेईल की नाही, कुणाला ठाऊक. त्याला आज फोन करून खरं काय ते सांगावं लागणार होतं.

पण दुसऱ्या हौदात पुढची तीस कातडी होती. ती आज ताज्या कडक पाण्यात हलवायची होती, नाहीतर तीही हातची गेली असती. सुनिताने तिसरा हौद घासला, नवीन साल टाकली, शेजारच्या रांजणातलं मुरलेलं लाल पाणी त्यात सोडलं. एकटीला आवरणारं काम नव्हतं ते.

शेजारी कुणीतरी येऊन बसलं. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात पाण्याकडे निघालेला. सुनिताने तो मनगटाशी थांबवला नाही, फक्त बघितलं आणि म्हणाली,

"नाना, पहिले घड्याळ काढा."